माझा चार तारांचा संसार

बेस-गिटार वाजविणाऱ्या माणसाला लोक तीन प्रश्न विचारतात. पहिला, ‘ही गिटारच ना?’ दुसरा, ‘मग हिला दोन तारा कमी का?’ आणि तिसरा, जो सभ्य माणसे जरा घुटमळून विचारतात, ‘पण ती ऐकू येते का हो?’ गेली साठ वर्षे मी मुंबईतल्या आणि पुढे डोंबिवली-ठाण्याकडच्या लहानसहान रॉक बँडांतून हौसेखातर बेस-गिटार वाजवीत आलो आहे. पोटासाठी एका विमा कचेरीत टेबल सांभाळले. आज निवृत्तिवेतनही तिचेच खातो. वाजविण्यातून जो काही पैसा मिळाला तो तारा, टॅक्सी आणि बटाटेवडे यांतच जिरला. माझे नाव कोणत्याही तबकडीवर नाही, आणि जुन्या फोटोंत मी असलोच तर कोणाच्या तरी खांद्याआडून अर्धा दिसतो. तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला तोंडपाठ आहेत. तिसऱ्याचे मात्र थोडे सविस्तर सांगावे लागते.

साध्या गिटारला सहा तारा. बेसला त्यांतल्या जाड चार तारांच्याच नावाच्या चार तारा—ई, ए, डी, जी—पण एक सप्तक खाली लावलेल्या. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. घरातल्या लहान रेडिओतून एवढा खर्ज बाहेर पडतच नाही, त्यामुळे पुष्कळांनी आयुष्यभर गाणी ऐकूनही बेस ऐकलेला नसतो. पूर्वी हे काम उभ्या डबल बासकडे असे: माणसाहून उंच, व्हायोलिनचा खापरपणजोबा शोभेल असे वाद्य. त्याला पडदे नाहीत; सूर बोटांनी हुडकायचा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर नावाच्या, मुळात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थाने लाकडाच्या भरीव फळीला लांब दांडा जोडला, दांड्यावर धातूचे पडदे ठोकले, तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले आणि ती विकायला काढली. पडद्यांमुळे सूर अचूक लागतो म्हणून नाव दिले ‘प्रिसिजन’. गंमत म्हणजे फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. संसारातले बरेचसे उपयुक्त शोध त्या फंदात न पडलेल्या माणसांनीच लावलेले असावेत!

आमचे बिऱ्हाड गिरगावात. चाळीच्या मागल्या अंगाला खोताची वाडी. चाळीत दर एकादशीला भजन, आणि वाडीतल्या लाकडी घरांतून दर रविवारी गिटार. दोहोंच्या मध्ये एक पडकी भिंत आणि एक पेरूचे झाड होते. त्या झाडावरून मी १९६५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, पलीकडे उतरलो. वाडीतल्या माझ्या दोस्ताकडे थोरल्या भावाची गिटार होती, आणि ती एकाला एकच पुरे होती. तेव्हा माझ्या वाट्याला काय आले, तर चहाचे खोके.

हसू नका. १९५६ च्या सुमारास लॉनी डॉनेगन नावाच्या गायकामुळे इंग्लंडात ‘स्किफल’ची साथ पसरली होती. त्यात बेसचे काम चहाचे रिकामे खोके, झाडूची काठी आणि एक दोरी यांवर भागवीत. पुढे जगभर गाजलेल्या बीटल्स मंडळींची सुरुवात अशाच एका संचातून झाली. आमच्या नाक्यावरच्या चहावाल्या शेटजींनी पत्र्याच्या कडांचे प्लायवूडचे खोके फुकट दिले. ते पालथे घालायचे, मधोमध भोक पाडून दोरी ओवायची, दोरीचे दुसरे टोक काठीच्या शेंड्याला बांधायचे आणि काठीचा पाय खोक्याच्या कडेवर रोवायचा. काठी मागे ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. सुतळी तुटे, काथ्या बोटे सोली. अखेर चौपाटीच्या कोळ्याकडून मिळालेली नायलॉनची दोरी टिकली.

आता आमच्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. ते गोदीत कारकून, आणि चाळीच्या भजनात पखवाज त्यांच्याकडे. मी खोक्याशी झटतो आहे हे त्यांनी दोन दिवस पाहिले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तिसऱ्या दिवशी ते जवळ आले, खोक्यावर बोटाने टिचकी मारून म्हणाले, “अरे, जमिनीला चिकटवून ठेवलंस तर आवाज आत कोंडतो. एका अंगानं पायावर कलता घे.” मी कलता घेतला, आणि खोके बोलू लागले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजविण्यापूर्वी ओली कणीक थापतात. कातडे जड झाले की सावकाश थरथरते आणि आवाज खाली उतरतो. बेसची जाड तारही तशीच: आतल्या पोलादी तारेवर दुसरी तार गच्च गुंडाळून ती जड केलेली असते. हे मला पुस्तकातून कळले नाही. वडिलांनी कणीक थापता थापता सांगितले. आमच्या मातोश्रींचे दुःख वेगळेच होते. नवरा कणकेचा गोळा पळवितो, आणि पुढे मुलगा पातेले पळवू लागला. त्या पातेल्याची कथा अशी.

खोक्यावरून खऱ्या बेस-गिटारवर यायला मला तीन वर्षे लागली. त्या काळात परदेशी वाद्य आणणे म्हणजे परवाने, जकात आणि ओळखीपाळखीचा मामला. धोबीतलावावरच्या वाद्यांच्या दुकानांसमोर उभे राहून काचेला नाक लावण्यास मात्र जकात नव्हती. शेवटी एका सुताराने मासिकातल्या चित्रावरून सागवानी गिटार कोरून दिली. ती इतकी जड की दोन तास गळ्यात घातली तर डावा खांदा आठवडाभर खाली असे. वेटोळे एका रेडिओ दुरुस्त करणाराने गुंडाळून दिले. तारा तेवढ्या करता येत नाहीत; त्या बोटीवर बँड वाजविणाऱ्या वाडीतल्या एका काकांनी परदेशातून आणल्या. नवा संच पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. तार जुनी झाली की घामाचा नि मळाचा राप वेटाळ्यांच्या फटींत बसतो आणि आवाज गोणपाटासारखा बोथट होतो. त्यावर उपाय एकच: तारा काढायच्या, पाण्यात खळखळून उकळायच्या, पुसून सुकवून परत चढवायच्या. दर तीन महिन्यांनी आमच्या पिठल्याच्या पातेल्यात हा काढा शिजे. “मेल्या, हे तुझं सूप तूच पी!” असे मातोश्री म्हणत, आणि ते पातेले पुढे त्यांनी स्वयंपाकातून कायमचे बादच केले.

ध्वनिवर्धकाचे काम वडिलांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओने केले. त्या रेडिओंना मागे ग्रामोफोन जोडण्यासाठी दोन भोके असत; तिथे गिटारची वायर खुपसली की झाले. मात्र आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळी वायर उपसण्याचा करार होता आणि तो मी शेवटपर्यंत पाळला.

शिकविणारा कोणी नव्हता. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागत. काळ्या घोड्याजवळ ‘रिदम हाऊस’ होते. तिथे काचेच्या खोलीत बसून तबकडी ऐकून पाहता येई. १९६५ च्या ‘गुमनाम’ चित्रपटात सुरुवातीलाच नाचाला साथ करणारा जो बीट-ग्रूप दिसतो तो मुंबईचाच खराखुरा बँड, टेड लायन्स अँड हिज कब्ज. चाळीतली मंडळी तो चित्रपट रहस्यासाठी पाहत, मी पहिल्या दहा मिनिटांसाठी. इंग्रजी गाण्यांचे शब्द मी मराठी शाळेतला मुलगा देवनागरीत उतरवून घेई आणि अर्थ न समजता तोंडाने पुटपुटे. बेसवाल्याला गावे लागत नाही, हे केवढे सुख!

ज्यांनी कधी हे संगीत जवळून पाहिले नाही त्यांना त्याचा सांगाडा दोन ओळींत सांगतो, कारण तो फार सोपा आहे. जुन्या रॉक अँड रोलची कितीतरी गाणी बारा घरांत बसतात. प्रत्येक घर चार मात्रांचे. पहिली चार घरे षड्जावर, मग दोन मध्यमावर, परत दोन षड्जावर, मग एक पंचम, एक मध्यम, आणि शेवटची दोन पुन्हा षड्जाची. झाले, अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन पुरे. गिटारवाला या घरांतून हवे तसे हुंदडतो, गाणारा रडतो-ओरडतो. आपण कोणत्या घरात आहोत हे सर्वांना सांगत राहणे हे बेसचे काम. गवयामागे तंबोरा असतो, पण तंबोरा एका जागी बसलेला. बेस म्हणजे चालता तंबोरा समजा. दुसरी खुबी वजनाची. आपण समेवर टाळी देतो, पहिल्या मात्रेवर. यांची टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. गणेशोत्सवात आम्ही वाजवू लागलो की पहिल्या रांगेतले काका पहिल्या-तिसरीवर टाळ्या देत, आमचा ढोलवाला दुसऱ्या-चौथीवर मारी, आणि मध्ये मी रुळांवरच्या गँगमनसारखा दोन्हीकडे पाहत उभा.

हा ढोलवाला म्हणजे आमचा लालबाग. खरे नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. बँडमध्ये तो राही त्या वस्तीच्या नावानेच ओळखला जाई. १९६८ साली तो मला भेटला तेव्हा दिवसा गिरणीत बदली कामगार होता आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत साईड-ड्रम वाजवी. साचेखात्यातला माणूस. ज्यांनी गिरणीचे साचेखाते पाहिले नसेल त्यांना त्या आवाजाची कल्पना येणार नाही. शेकडो माग एकदम खडखडतात, शेजारच्याशी बोलायचे तर ओठ वाचावे लागतात. त्या खडखडाटात आठ तास उभा राहून हा पोरगा संध्याकाळी ढोल बडवायला येई, आणि त्याचा ठेका गाण्याच्या सुरुवातीला जसा, शेवटीही तस्साच. भल्याभल्या वादकांचा हात रंगात आला की लय पळते. याची पळत नसे. मी एकदा विचारले तर म्हणाला, “साच्याचा धोटा इकडून तिकडे जातो तो काय रंगात येतो का रे? धोटा चुकला की कापड बिघडलं. तू खालचा धोटा सांभाळ, वरचं मी बघतो.”

बँडमध्ये पायाने वाजविण्याचा एक मोठा ढोल असतो. त्या ढोलाचा ठोका आणि बेसचा सूर एकाच क्षणी पडला तर दोन आवाज राहत नाहीत, तिसराच एक होतो: ठोक्याला सूर येतो आणि सुराला धार. हे जमायला लालबागला आणि मला दोन वर्षे लागली. त्यानंतर आम्ही एकमेकांकडे पाहणे सोडले. माझे लग्न पुढे १९७४ साली झाले. तिथेही साधारण एवढाच अवधी लागला असे मी सौ.समोर म्हणत असतो.

वाजविले कुठे कुठे? माझगाव-भायखळ्याची पॅरिश सभागृहे, जिमखान्यांचे नाच, पारशी लग्ने, कॉलेजांची संमेलने आणि दहा दिवस गणपती. आमच्या बँडांना इंग्रजी नावे होती. ती सांगत नाही, कारण कापडी फलक रंगविणाराने त्यांचे स्पेलिंग दर वेळी निराळे केले आणि अखेर खरे कोणते हे आम्हीच विसरलो. मोठ्या स्पर्धा आमच्या आवाक्याबाहेरच्या. सिमला नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेला १९७० साली लालबाग आणि मी षण्मुखानंद सभागृहाच्या बाल्कनीत बसून होतो. देशभरचे बँड आले होते. त्याने सगळा वेळ ढोलवाल्यांचे पाय पाहिले आणि मी बेसवाल्यांची बोटे. गाणी कोणती झाली ते दोघांनाही सांगता आले नाही. १९७२ च्या ऑक्टोबरात लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये स्थानिक वादकांबरोबर वाजवून गेले. त्या चिमुकल्या जागेत त्या रात्री आपण हजर होतो असे सांगणारी माणसे मला आजवर इतकी भेटली आहेत की ती सारी मावायला ब्रेबोर्न स्टेडियम लागले असते. आम्ही दोघे त्या रात्री एका बारशाच्या कार्यक्रमात हिंदी गाणी वाजवीत होतो.

मराठी घरांत या वाजविण्याला काडीची प्रतिष्ठा नव्हती. ती थोडीफार आली ती नंदू भेंडे यांच्यामुळे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा, म्हणजे आपल्यातला. त्याने १९७४ साली अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये जुडासची भूमिका गाऊन गाजविली, आणि १९७८ साली पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तही त्याचा आवाज घुमला. त्यानंतर आमच्या सासुरवाडीला माझी ओळख करून देताना ‘हा ते भेंड्यांच्या मुलासारखं करतो’ असे सांगू लागले. मी नाही म्हटले नाही.

लग्नानंतर वर्षभरातच आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड केले. डोंबिवलीच्या गाडीत सकाळी स्वतःला चढविणे हाच पराक्रम. त्यात चार फूट लांबीची पेटी. मालडब्यात माशांच्या पाट्या, दुधाच्या किटल्या आणि मी. शेवटची गाडी चुकली तर व्ही. टी.च्या बाकावर पेटी उशाला घेऊन पहाट करावयाची आणि तिथूनच परस्पर कचेरी गाठावयाची. सौ.ने एकदाच विचारले, “अहो, एवढं करून तुम्हांला एकदा तरी पुढं उभं करतात का?” मी म्हटले, पुढे उभा राहिलो तर मागे कोण राहील? तिला ते पटले नाही. मलाही तेव्हा ते नीटसे पटले नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आठवड्याचा म्हणता म्हणता तो महिन्यांचा झाला, वर्ष उलटले, आणि रीतसर मागे घेतला असा तो कधीच झाला नाही, विरून गेला. लालबागच्या घरात चार तोंडे. पहिल्यांदा बायकोच्या बांगड्या गेल्या, मग घड्याळ. पावसाळ्यात एका रविवारी तो मला म्हणाला, “पेटी घेऊन ये, आज वाजवू.” त्याच्या खोलीत ढोल लावलेले होते. आम्ही दोघेच, गिटार नाही, गाणारा नाही. तासभर नुसता पाया वाजविला, वर इमारत नसलेला. शेजाऱ्यांनी दारे लावून घेतली नाहीत; गिरणी बंद पडल्यापासून वस्तीला शांततेचीच सवय नव्हती. संध्याकाळी एका बँडवाल्याचा टेम्पो आला आणि ढोल घेऊन गेला. पैसे त्याने मोजलेदेखील नाहीत, बायकोच्या हातात दिले. पुढच्या महिन्यात कुटुंब संगमेश्वराकडच्या गावी गेले. पत्रे येत, तीही दिवाळी-पाडव्याला. भाताचे कसे काय एवढेच त्यांत असे.

माझ्यावरचे संकट त्यापुढे किरकोळ, पण ते तेव्हाच आले. बाजारात कॅसिओचा की-बोर्ड आला. त्यात डाव्या हाताने एक पट्टी दाबून धरली की आतले यंत्र बेस आणि ठेका आपोआप वाजविते. रोलंड कंपनीचे ऑक्टोपॅड १९८५ साली निघाले आणि लवकरच आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांत पोहोचले; आठ रबरी चौकोनांवर काड्या मारल्या की ढोल, घुंगरू, ढोलकी, जे पाहिजे ते. कार्यक्रम ठरविणाराला हिशेब कळतो: सहाच्या जागी चार माणसे, एक गाडी कमी. सर्वांत आधी कोणाला नारळ मिळाला असेल हे सांगायला नको. मला यंत्राचा राग नाही. मला राग आला तो एवढ्याचाच की एका मंडळाच्या कार्यक्रमानंतर मी ओळखीच्यांना विचारले, काही कमी वाटले का? सगळे म्हणाले, छे, उलट झकास! सहा वर्षे माझी बेस कपाटावर पडून होती.

१९९१ नंतर आयातीची दारे उघडली. धोबीतलावावर जपानी-कोरियन गिटारी सरळ टांगलेल्या दिसू लागल्या, तारांचे संच पाकिटात मिळू लागले. तिथेच जवळ रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’चा मेळावा भरत असे. चिखल, पाऊस, काळे सदरे घातलेली हजारो पोरे. थोरल्या चिरंजिवांबरोबर मी पहिल्यांदा तिथे गेलो आणि बेस छातीत ऐकली. कानात नव्हे, बरगड्यांत. परत येऊन कपाटावरची पेटी खाली काढली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवार शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरविले, आणि कॉलेज नि इस्पितळाच्या शेजारचे रंगभवन त्यात आले. पोरे हळहळली. माझे मत विचाराल तर ज्याची आई शेजारच्या इस्पितळात पडली आहे त्याच्यापुढे मी गिटारची वकिली करणार नाही. पण या शहराने त्या बदल्यात हौशी वाजविणाऱ्यांना दुसरी जागा दिली नाही हेही खरेच.

२००६ साली लालबाग परत आला. मुलाला कल्याणला नोकरी लागली आणि कुटुंब दिव्याला राहावयास आले. चोवीस वर्षांनी डोंबिवलीच्या फलाटावर भेटलो. मी बोलत होतो, तो माझ्या ओठांकडे पाहत होता. मला वाटले, जुनी सवय. घरी चहा घेताना सौ.ने दोनदा साखर विचारली आणि त्याने दोनदा “बरी आहे” म्हणून सांगितले तेव्हा उलगडा झाला.

मी त्याला कान तपासणाऱ्यांकडे नेले. त्यांनी काढलेला आलेख माझ्याजवळ आहे. साचेखात्यातल्या माणसांचे कान असेच जातात: आधी वरचे सूर, चार हजार कंपनांच्या आसपासचे, मग हळूहळू त्यांच्या खालचे. पक्षी जातात, घंटा जाते, बायका-पोरांचे बोलणे तुटक होते. आलेखाची रेघ उजवीकडे खोल खड्ड्यात उतरली होती, पण अगदी डाव्या टोकाला, जिथे खर्ज असतो तिथे, ती जवळजवळ धडधाकट होती. मी कचेरीत तीस वर्षे तक्ते पाहिलेला माणूस. त्या डाव्या टोकाकडे पाहतच राहिलो.

पुढच्या रविवारी त्याला स्टेशनजवळच्या, ताशी भाड्याने मिळणाऱ्या तालमीच्या खोलीत घेऊन गेलो. तिथे ढोल लावलेलेच असतात. तो म्हणाला, “आता काय, मला झांज वाजते की नाही तेपण कळत नाही.” मी माझ्या ध्वनिवर्धकाची पेटी त्याच्या बसण्याच्या फळीला टेकवून ठेवली आणि जाड तार छेडली. त्याने मान वर केली. “हां,” म्हणाला, “ही येते.” मग चपला काढल्या, अनवाणी पाय ढोलाच्या पट्टीवर ठेवला, आणि बारा घरे सुरू झाली. हात जड झाले होते, मनगट दुखत होते, पण लय हलली नाही.

तेव्हापासून एकोणीस वर्षे आम्ही वाजवितो आहोत. दरम्यान गिरणगावाचे रूप पार पालटले. २००७ च्या अखेरीस लोअर परळला मथुरादास गिरणीच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ नावाचा क्लब निघाला. २०१६ पर्यंत तो तिथे होता, आणि देशोदेशींचे बँड तिथे वाजवून गेले. चिरंजिवांनी आम्हां दोघांना एकदा तिकिटे काढून नेले. लालबागची गिरणी ही नव्हे, पण आवारात शिरताना त्याची पावले सवयीने एका बाजूला वळली. “हजेरीची खिडकी बहुतेक इकडं असणार,” म्हणाला. तिथे मोटारी लावलेल्या होत्या. आत बँड चांगला होता. त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि तसाच शेवटपर्यंत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, “बेसवाला चांगला होता रे. जरा घाई करत होता.”

आमच्या सध्याच्या बँडात पाच जण: आम्ही दोन म्हातारे, संगणकाच्या कंपनीतले दोन गिटारवाले आणि गाणारी एक मुलगी, जी आमच्या नातीच्या वयाची आहे आणि आम्हां दोघांना ‘काका’ म्हणते. ती स्वतः मराठीत गाणी लिहिते. साठ वर्षांत पहिल्यांदा मी वाजवतो त्या गाण्याचे शब्द मला समजतात, त्यामुळे मध्येच ऐकत बसण्याचा धोका निर्माण झाला आहे. लालबाग झांजा फार जोरात मारतो अशी पोरांची तक्रार होती. त्याला त्या ऐकू येत नाहीत, तो काय करणार? गाणाऱ्या मुलीने झांजांवर आतल्या बाजूने जुन्या चादरीच्या पट्ट्या चिकटविल्या. भांडण मिटले.

माझी डावी करंगळी आता वळत नाही, तेव्हा तीन बोटांवर भागवितो. सागवानी बेस भिंतीवर आहे, हलकी कोरियन गळ्यात. तारांचे नवे संच घरपोच येतात, तरी जुने टाकवत नाहीत म्हणून परवा दिवाळीच्या साफसफाईत सापडलेला एक संच उकळावा असे मनात आले. स्वयंपाकघरात गेलो. “अहो, फराळाचं होऊ द्या आधी,” असे उत्तर मिळाले. तेव्हा भाऊबीजेनंतर पाहू. त्याच्या पुढच्या रविवारी कल्याणला एका वसाहतीच्या पटांगणात कार्यक्रम आहे. साडेसहाला सुरू, नऊच्या आत आटोपता, दहाच्या नियमाला एक तास राखून. लालबागने कालच निरोप पाठविला आहे: खुर्च्या कशाही मांडा, पण माझ्या फळीखाली सतरंजी घालू नका.